खंडेनवमीला बंद केलेलं गणित

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी गल्लीतली माणसं मला अजून प्रिंटर दुरुस्तीला बोलावतात. "मॅडम विद्यापीठात कॉम्प्युटरवर होत्या, त्यांना येतंय सगळं." येत नाही. प्रिंटरशी माझं नोकरीभर पटलं नाही आणि आता या वयात जुळवून घ्यायची इच्छाही नाही. माझं काम निराळं होतं. धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात मी संगणक तंत्रज्ञ होते, आणि शेवटच्या वर्षांत आम्ही तिथं संशोधनासाठी एक क्लस्टर उभारलं. आयुष्यात मी मन लावून केलेल्या दोन-तीन गोष्टींपैकी ती एक. बाकीच्यांत माझा मुलगा आणि लोणचं येतं.

क्लस्टर म्हणजे काय, हे मी नोकरीत इतक्या जणांना सांगितलं की आता झोपेतही सांगेन. शेतात खुरपणीला बायका लागतात. एकीनं सगळं रान खुरपायचं म्हटलं तर तण तिच्या मागनं पुन्हा उगवेल. म्हणून बायका ओळीनं बसतात, प्रत्येकीची एक पात, आणि सगळ्या मिळून पुढं सरकतात. क्लस्टर तेच करतं. एक मोठं गणित, त्याच्या पाती पाडायच्या, प्रत्येक संगणकाला एक पात द्यायची. या संगणकांना स्वतःचा पडदा नसतो, कळफलक नसतो. तारांनी एकमेकांना बांधलेले असतात आणि सतत एकमेकांशी बोलत असतात. खुरपणीच्या बायकाही बोलतातच, फक्त त्यांचं बोलणं जास्त उपयोगाचं असतं.

आमचं क्लस्टर नव्याकोऱ्या यंत्रांचं नव्हतं. बंद पडलेल्या भाषा प्रयोगशाळेतले संगणक निकालात निघाले होते. ते भंगारात जायच्या आधी आमच्या रसायनशास्त्राच्या बिराजदार सरांनी अडवले. सर उमरग्याकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि तारा मोजताना हमखास कानडी. "ओंदु, एरडु, मूरु" असं मागून ऐकू आलं की समजायचं, सर कामाला लागले. ग्रंथालयाच्या गोदामातल्या लोखंडी मांडण्या आणल्या, त्यांवर यंत्रं रचली, एसी बसवला, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची रांग लावली, वीज गेल्यावर जनरेटर सुरू करायची सोय केली. पहिल्यांदा सगळं एकदम चालू झालं तेव्हा खोलीत असा आवाज घुमला की शेजारच्या वर्गातल्या सरांनी शिकवणं थांबवून दार वाजवलं.

बघायला माणसं येत. पालकांपैकी एक गृहस्थ सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाले, "समदं समजलं बाई. आता एक सांगा, ह्याच्यावर सातबारा निघंल का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी मांडणीकडं ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी फक्त भाकड म्हशीवर पडताना पाहिली आहे.

पहिला धडा आम्हाला खिडकीजवळच्या यंत्रानं दिला. गणित चालायचं, पण दुपार झाली की सगळ्या यंत्रांचा वेग एकदम पडायचा. बिराजदार सर तारा मोजून थकले. शेवटी कळलं की दुपारचं ऊन काचेतून थेट त्या एका यंत्रावर येत होतं. यंत्र तापलं की जीव वाचवायला स्वतःच मंद होतं. आणि गणित असं होतं की सगळ्यांची पात संपल्याशिवाय पुढची धरता येत नाही. एक मागं राहिली की सगळ्या खुरपं हातात धरून तिची वाट बघत बसणार. मी ते यंत्र काढून टाकलं आणि वेग वाढला. एक कामकरी कमी केल्यावर काम लवकर होतं, हे सरांना कागदावर पटलं, पण मनात पटायला दोन दिवस लागले. मी खिडकीला पडदा लावला आणि यंत्र परत कामावर घेतलं.

त्या खोलीवर सर्वांत जास्त जीव होता तो भैरूमामांचा. मामा आमचे प्रयोगशाळा परिचर, परंडा तालुक्यातल्या सोनारीचे, काळभैरवाचे भक्त. खोलीबाहेर चपला काढायचा नियम त्यांनीच केला आणि कुलसचिवांनाही लावला. एसीचं पाणी कुठं ठिबकतं, उंदीर कुठून येतो, जनरेटरला डिझेल किती उरलंय, सगळ्यावर त्यांची नजर. यंत्रांच्या पोटात काय चालतं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असल्याचा आवही त्यांनी कधी आणला नाही. "पोरीचं काम चालतंय न्हवं? मग बास," म्हणायचे.

ही पोरगी म्हणजे शुभांगी. येरमाळ्याची, बिराजदार सरांकडं पीएचडी करणारी. घरी शेती. तुरीला मर लागते, म्हणजे जमिनीतल्या बुरशीमुळं शेंगा धरायच्या वेळी उभं झाड वाळून जातं, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. त्या बुरशीच्या एका प्रथिनावर ती काम करत होती. प्रथिनाला एक खोबण असते. त्या खोबणीत एखादा रेणू जाऊन घट्ट बसला तर प्रथिनाचं काम अडतं आणि बुरशी दुबळी होते. तिनं असा एक रेणू शोधला होता. आता तो बसून राहतो की निसटतो, ते बघायचं होतं. त्यासाठी एकेका अणूला पुढच्या क्षणी कुठं ढकललं जाईल ते मोजायचं, मग त्यावरून पुढचा क्षण, मग त्याच्या पुढचा. असे इतके क्षण, की आमचं सगळं क्लस्टर कित्येक आठवडे अखंड चालवावं लागणार होतं.

आणि वेळ नव्हता. तिच्या नोंदणीला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर विद्यापीठ उघडेल त्या आठवड्यात प्रबंध दिला नाही, तर नोंदणी रद्द. मग वर्षानुवर्षं एसटीनं केलेल्या खेपा, घरच्यांशी घातलेले वाद, सगळं पाण्यात. हे तिनं मला रडून सांगितलं नाही. डबा खाताना सांगितलं, आणि मग माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घेतली.

पावसाळ्याच्या शेवटी गणित सुरू केलं. दारावर मी ठसठशीत अक्षरांत पाटी लावली, 'कोणीही यंत्र बंद करू नये.' नवरात्र येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. हिशेबानं दिवाळीच्या आधीच उत्तर हाती येणार होतं आणि शुभांगीला लिहायला वेळ मिळणार होता.

नवरात्रात आमचा भाग कसा असतो ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. तुळजापूरच्या वाटेवर माणसांची रीघ, गाड्या वळवलेल्या, घरोघरी घट. शुभांगी येडेश्वरीच्या नवरात्रासाठी घरी गेली होती. मी घरच्या घटाला आणि आलेल्या पाहुण्यांना बांधलेली. दसऱ्याच्या संध्याकाळी शुभांगीचा फोन आला. "मॅडम, मशीन उत्तर देईना. मोबाइलवरून बघतेय, कालपासून काहीच न्हाई." मी म्हटलं, इंटरनेट गेलं असेल, सुट्टीत कोण बघतंय. तिची समजूत घातली आणि माझी स्वतःचीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. चपला काढल्या, दार उघडलं, आणि कानाला काहीतरी चुकल्यासारखं झालं. खोलीत आवाजच नव्हता. प्रत्येक यंत्र ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलेलं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचा हार, मांडणीपुढं फोडलेला नारळ आणि उदबत्तीची राख. फोटो काढावा इतकं सुंदर दिसत होतं. मला धडकी भरली.

भैरूमामा मागून प्रसाद घेऊन आले. खुशीत होते. "परवा खंडेनवमी न्हवती का बाई! समद्यांस्नी न्हाऊ घातलं, पूजा केली, दोन दिस इसावा दिला. आता तुमच्या हातानं चालू करा."

"मामा, पाटी वाचली नाही का? कोणीही बंद करू नये!"

"वाचली की. कोणीही म्हंजी परकं मानूस. आपून तर घरचे."

 आमच्याकडं खंडेनवमीला अवजारांची पूजा असते आणि त्या दिवशी अवजाराला काम सांगत नाहीत. नांगर, पाटा, शिलाईयंत्र, पिठाची गिरणी, सगळं थांबतं. जुन्या प्रयोगशाळेत आम्ही दरवर्षी मिळूनच पूजा करायचो, संगणक बंद करून. पण जुने संगणक पडद्यावर बघून बंद करता येत. यांना पडदा नव्हता, म्हणून मामांनी गिरणीवाल्यासारखा भिंतीवरचा मोठा खटकाच खाली ओढला होता. चालतं गणित तिथंच तुटलं.

तेवढ्यात शुभांगी आली. पहाटेची पहिली गाडी धरून येरमाळ्याहून. तिनं हार बघितले आणि माझ्याकडं बघितलं. मामांच्या हातातला प्रसाद तसाच राहिला. तिनं तो घेतला, तोंडात टाकला आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, खूण बघा."

खूण म्हणजे चेकपॉइंट. लांबचं गणित चालू असताना यंत्र अधूनमधून 'इथवर आलो' असं लिहून ठेवतं, म्हणजे मध्ये खंड पडला तरी मुळापासून सुरुवात करावी लागत नाही. शेवटची खूण अर्धवट लिहिली गेली होती, बहुतेक नेमका तेव्हाच खटका पडला. तिच्या आधीची शाबूत होती. मी सुटकेचा श्वास सोडला आणि खटका वर केला.

आणि खरं संकट तेव्हा कळलं. निम्मी यंत्रं उठलीच नाहीत. जुनी यंत्रं न थांबता चालत असतात तोवर चालतात. थांबून थंड झाली की त्यांच्या वीजपुरवठ्याच्या पेट्या दगा देतात. घरातली म्हातारी माणसं असतात ना, कामाच्या रेट्यात ठणठणीत, आणि एकदा अंथरुणाला पाठ टेकली की उठत नाहीत, तसंच. दुरुस्तीला पेट्या मागवल्या तर कळलं, तसल्या पेट्या आता बनतच नाहीत. उरलेल्या यंत्रांवर गणित न्यायचं म्हणजे मुदत उलटून जाणार होती.

मामांनी हे सगळं उभ्यानं ऐकलं. दुपारी ते मला जिन्यात बसलेले दिसले. "बाई, म्या पोरीचं वाटुळं केलं वं," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्यावर ओरडायचं मी सकाळपासून मनात घोळवत होते, ते सगळं विरून गेलं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.  

वाट शुभांगीनंच काढली. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या कार्यालयांना कुलूप लागतं, तेव्हा परीक्षा विभागातले, लेखा विभागातले चांगले नवे संगणक नुसते बसून असतात. ते सुट्टीपुरते मागायचे. बिराजदार सर आणि मी कार्यालयाच्या अधीक्षकांकडं गेलो. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "मॅडम, परीक्षेचं सगळं त्यात आहे. तुमचं गणित आमच्या निकालात शिरलं तर?"

"साहेब, आम्ही तुमच्या डिस्कला हातही लावत नाही. तुमचा संगणक आमच्या तारेवरून सुरू होईल, आमचं काम त्याच्या मेमरीतच चालेल, आणि तार काढली की मागं काही उरणार नाही. आम्ही अंगणात बसणारे पाहुणे. माजघरात पाऊल टाकणार नाही."

त्यांनी लेखी घेतलं, तीनदा वाचून बघितलं, मग चाव्या दिल्या. मामांनी एकेक संगणक दोन्ही हातांत धरून जिना चढवला, खाली घडी घातलेला टॉवेल. खटक्यांना मात्र ते आता शिवत नव्हते. सरांनी कानडीत तारा मोजल्या, मी पाती नव्यानं पाडल्या, कारण नव्या यंत्रांचे हात भराभर चालणार आणि जुन्यांचे सावकाश, तर त्यांना सारख्या रुंदीची पात देऊन चालत नाही. आधीच्या शाबूत खुणेपासून गणित पुन्हा चालू झालं. आवाज परत आला तेव्हा सगळ्यांत आधी हसले ते मामा.

त्या दिवाळीत मामा सोनारीला गेले नाहीत. वीज गेली तर जनरेटर सुरू करायला माणूस हवा, म्हणून तिथंच राहिले. त्यांच्या मालकिणीनं करंज्या आणि चिवडा गावाकडून धाडला, आम्ही खोलीबाहेर सतरंजीवर बसून खाल्ला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मामांनी लांबूनच मांडणीला हात जोडले. हार आणला नव्हता.

नवी यंत्रं पळाली. आमच्या अंदाजाच्या आधीच उत्तर आलं. शुभांगीनं पडद्यावर आलेख उघडला. रेणू खोबणीत बसला होता, बराच काळ बसून राहिला, आणि मग खोबणीचं तोंड उघडलं आणि तो निसटला. पुन्हा आत गेला नाही.

तिनं आलेख पुन्हा सुरुवातीपासून बघितला. इतक्या वर्षांचा तिचा रेणू. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि तसं मी म्हटलंही. सर हळूच म्हणाले, "नकार हेही उत्तरच असतंय, शुभांगी. का सुटला ते तुला सांगता येतंय, त्यातच प्रबंध हाय. आता लिहायला बस."

दारात भैरूमामा उभे होते. "पोरी," ते म्हणाले, "सुटला म्हंजी... ह्ये म्या बंद केलं त्याच्यानं तर झालं न्हाय ना? मधी धक्का बसला आसंल त्येला?"

"न्हाई हो मामा," ती म्हणाली. "जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं गेलं ते."

"आसं तुमी म्हनताय. पर दिसतंय कुठं?"

शुभांगी माझ्याकडं वळली. "मॅडम, खंडेनवमीच्या आधीची एखादी जुनी खूण आहे का? सुटायच्या लई आधीची?"

सरांनी कपाळाला हात लावला. मुदत तोंडावर आलेली, सुट्टी संपून अधीक्षक संगणक परत मागणार, प्रबंधाची प्रकरणं अर्धी लिहायची. "एका माणसाच्या शंकेपायी हे करायचं नाही. लिही." सर चिडले होते आणि त्यांच्या जागी मीही चिडले असते. शुभांगी म्हणाली, "सर, मी लिहितेच. मशीन तोवर बसून काय करणार?" मी जुनी खूण काढून दिली. अणूंच्या सुरुवातीच्या वेगांत तिनं थोडा बदल केला, म्हणजे गणित स्वतःच्या नव्या वाटेनं जाईल, आणि चालू केलं. शेजारच्या टेबलावर बसून ती लिहीत राहिली. दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी दुसरं उत्तर आलं. रेणू सुटला होता. थोडा उशिरा, पण त्याच तोंडातून.

तिनं दोन्ही आलेख शेजारीशेजारी ठेवून मामांना बोट फिरवून दाखवले. मामांनी मान डोलावली, आणि आपणहून अधीक्षकांचे संगणक खाली न्यायला लागले. प्रबंध शेवटच्या दिवशी, कार्यालयाचं दार बंद होण्यापूर्वी जमा झाला; दुसरा आलेख त्यात घालायला वेळ उरला नाही. ठेवायला धड पिशवीही मिळाली नाही, माझ्या डब्याच्या पिशवीतून गेला.

पुढं तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक नावाजलेले आणि फटकळ होते. समोर विद्यार्थी, प्राध्यापक, मागच्या रांगेत शुभांगीचे आईवडील. तिनं पहिला आलेख दाखवला. परीक्षकांनी चष्मा काढला. "हा रेणू निसटला, मान्य. पण एकदाच निसटला तर तो योगायोगही असू शकतो. एका फेरीवर मी प्रबंध कसा मान्य करू?"  बिराजदार सर खुर्चीत सरळ झाले.

"दुसरी फेरी आहे, सर," शुभांगी म्हणाली आणि पुढचा आलेख लावला.

परीक्षकांनी दोन्ही आलेखांतली सुटायची जागा ताडून बघितली. "छान. हे मार्गदर्शकांनी करायला सांगितलं?"

"मी नको म्हणालो होतो," बिराजदार सर उठून म्हणाले. सभागृह हसलं.

"मग?"

"आमच्या भैरूमामांना शंका होती," शुभांगीनं दाराकडं हात केला.

मामा चहाचा ट्रे घेऊन तिथंच थबकले होते. परीक्षकांनी वळून विचारलं, "काय शंका होती तुमची?"

मामा गोंधळले.  "म्या काय इचारनार सायेब. म्या मशीन बंद केलं हुतं. म्हून इचारलं, ह्ये जे झालं, त्ये माझ्या हातानं तर झालं न्हाय ना?"

परीक्षकांनी चष्मा पुन्हा घातला आणि समोरच्या विद्यार्थ्यांकडं वळले. "संशोधकानं निष्कर्ष लिहायच्या आधी स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच असतो. माझ्यासमोर बसणारे शंभरात दहाजणही तो विचारत नाहीत." मग ते व्यासपीठावरून खाली उतरले, मामांच्या हातातला ट्रे घेऊन टेबलावर ठेवला, आणि त्यातला पहिला कप उचलून मामांच्याच हातात दिला.